वळवलेला स्क्रीन

पिंपळकर सर गेल्याचं त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, फोनवर सांगितलं, तेव्हा मी हैदराबादच्या प्रयोगशाळेत तुरीच्या मुळांवरच्या गाठी मोजत होतो. मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. आलं ते हे, की आता सरांना विचारता येणार नाही... लिहितानाही लाज वाटते.

मी पारशिवनीजवळच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. पीएचडी सरांनीच करून घेतली. माझं इंग्रजी सुधारावं म्हणून ते माझं प्रत्येक पान दोनदा तपासत. पीएचडीनंतर पोस्टडॉकसाठी, म्हणजे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं संशोधन करायला, मी अर्ज करू लागलो. आई विचारायची, "डॉक्टर तं झाला ना गा, आता काहून अर्ज करून राहिला?"

प्रत्येक अर्जाला गाईडचं शिफारसपत्र लागतं. ते गाईड थेट पाठवतात, विद्यार्थ्याला दिसत नाही. पण आमच्याकडची रीत अशी, की विद्यार्थीच स्वतःचं कौतुक लिहून नेतो आणि सर सही करतात. मीही मसुदा घेऊन सरांच्या धरमपेठेतल्या घरी गेलो. सरांनी तो वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला.

"हा कोण आहे गा? मला तर कधी भेटला नाही."

"सर, सगळेच असं लिहितात."

"मग सगळ्यांची सही घे."

त्यांनी कॉम्प्युटरचा स्क्रीन भिंतीकडे वळवला आणि दोन बोटांनी टाइप करू लागले. मला दिसत होती फक्त स्क्रीनची पाठ.

नकार येऊ लागले. काही ठिकाणांहून तेवढंही आलं नाही. वाडीतल्या खोलीवरचा माझा जोडीदार म्हणाला, "तुले सोडाचंच नाही त्याइले. तू गेल्यावर त्याइचे पेपर कोण लिहीन?" ते डोक्यात बसलं. मग सर पत्र शेवटच्या दिवशीच का पाठवतात, मी आलो की स्क्रीन का वळवतात, सगळ्यालाच अर्थ दिसू लागला. एकदा धीर करून विचारलं, "सर, पत्रात काय लिहिता?"

"खरं ते."

माझा संशय पक्का झाला.

हैदराबादच्या ऑनलाइन मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला मी इंग्रजीत अडकलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, सावकाश बोला, आम्हाला घाई नाही. निवड झाली. सरांकडे पेढे दिले ते दारातूनच, आत बसलो नाही. "पोहोचलास की फोन कर," ते म्हणाले. मी केला नाही...

मागच्या आठवड्यात धरमपेठेत गेलो. काकूंनी खणातून घडी घातलेला कागद काढून दिला. "तुझंच नाव आहे बघ यावर." माझाच मसुदा. मागच्या कोऱ्या बाजूला सरांनी पेन्सिलीनं इंग्रजीत लिहिलं होतं, खोडून पुन्हा लिहिलं होतं: 'बोलताना अडखळतो. मुलाखतीत पहिल्या उत्तराला त्याला वेळ द्या. त्याचं दुसरं उत्तर ऐकण्यासारखं असतं.' खाली मी अर्ज केलेल्या सगळ्या विद्यापीठांची नावं, प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

म्हणजे हेच सगळीकडे गेलं. काहींनी पहिलंच वाक्य वाचून पत्र बाजूला ठेवलं असेल. हैदराबादच्या मॅडमनी शेवटपर्यंत वाचलं. सरांना हा धोका कळत नसेल, असं मला वाटत नाही. तरीही त्यांनी ते का लिहिलं, यावर मी अजून अडखळतो.

कॉम्प्युटर तिथंच होता, भिंतीकडे तोंड केलेला. काकू म्हणाल्या, "सरळ करून ठेवू का रे?"

"राहू द्या, काकू," मी म्हणालो, आणि माझ्या नेहमीच्या खुर्चीत बसलो.