एक घंटी, मग झाकण

सीडी प्लेअरमधून चकती बाहेर काढणं ही गोष्ट आमच्या घुग्घुसच्या घरमालकांइतकी मनावर घेतलेला माणूस उभ्या पृथ्वीतलावर दुसरा झाला नसेल. आणि झाला असलाच, तर त्याच्या बायकोला माझा कोपरापासून नमस्कार. बँकेनं माझी बदली घुग्घुसला केली तेव्हा मी नागपूरहून दोन पेट्या आणि बरीचशी नाराजी घेऊन त्यांच्याकडे राहायला गेलो. सगळं गाव त्यांना काकाजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. सारी नोकरी त्यांनी कोळशाच्या खाणीत हॉलेजवर काढली होती. हॉलेज म्हणजे भरलेले डबे दोरानं ओढून वर आणणारं यंत्र. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी वर्गणी काढून त्यांना तळहातावर मावणारा सीडी प्लेअर दिला, स्पीकरसकट. दुसऱ्या कुणी त्यावर गाणी ऐकली असती. काकाजीही ऐकत, नाही असं नाही. पण गाणं ही त्यांच्या लेखी चकती काढण्याआधीची किरकोळ तयारी होती.

त्या एवढ्याशा यंत्राला त्यांनी खाणीचे सगळे नियम लावले होते. गाणं संपलं की आधी पंखा बंद, कारण घुग्घुसच्या हवेत हवा कमी आणि कोळसा जास्त. मग हात धुऊन यायचं. मग यंत्रावरचा आकडा विझेपर्यंत घरातल्या सगळ्यांनी गप्प बसायचं. त्यानंतर काकाजी आत तोंड करून ‘घंटी!’ म्हणत आणि काकूंनी देवघरातली घंटा एकदा वाजवायची. खाणीत एक घंटी म्हणजे थांबा. ती ऐकल्याशिवाय थांबलेलं यंत्रसुद्धा काकाजींच्या मते थांबलेलं नसे. मग कुठे झाकण उघडायचं, मधल्या खुंटीवर अंगठा ठेवायचा, दोन बोटांनी चकतीची कड धरायची आणि श्वास रोखून ती वर उचलायची. याची उलटी बाजू अशी की संध्याकाळी काकूंनी पूजेची घंटा वाजवली की काकाजींचा हात आपोआप बटणावर जाई आणि ऐन रंगात आलेलं गाणं बंद पडे. ‘देवाले हात जोडाले बी तुमची परमिशन काढू का जी?’ काकू आतून ओरडत. काकाजी शांतपणे म्हणत, ‘एक वाजली, थांबवलं. माही काय चुकी?’ मग काकू चिडून घंटा बडवबडव बडवत आणि काकाजी दचकून उभे राहत, कारण खाणीत तेवढ्या घंट्यांचा अर्थ चांगला नसे.

एकदा माझे बँकेतले एक साहेब चहाला आले होते. मोठा जाणकार माणूस, पण उतावळा. गाणं आवडलं नाही म्हणून त्यांनी सरळ झाकण उघडलं आणि फिरत्या चकतीला नख लावलं. काकाजींनी असं काही मनगट धरलं की साहेबांच्या हातातला चहा माझ्या मांडीवर. ‘चालत्या मशीनीत हात घालता? हात जास्त झाले का तुमाले?’ साहेब ओशाळले. पण काकाजी ओशाळलेल्या माणसाला तसंच सोडणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी आतून भाजलेला पापड मागवला. तो ताटलीतून नुसत्या कडेनं, न मोडता उचलता आला तरच त्या घरात चकतीला हात लावायची मुभा मिळे. साहेबांनी चार पापड मोडले. ‘लिज्जत नाई राह्यली हातात,’ काकाजींनी निकाल दिला. मोडलेले पापड आम्ही चहाबरोबर खाल्ले. तेवढ्यापुरता मी या शिस्तीच्या बाजूचा होतो.

चकत्या त्यांच्याकडे पुष्कळ होत्या, पण जीव एकीत होता. त्यांचे थोरले भाऊ झाडीपट्टीच्या नाटकांतले गाणारे नट. धान निघालं की पूर्व विदर्भातल्या त्या पट्ट्यात गावोगाव रात्रभर नाटकं चालतात; होळीपर्यंतचा तो सगळा हंगाम थोरले घरी सापडायचे नाहीत. ते वारले तेव्हा त्यांच्या गाण्याची कुणीतरी भरलेली एकच कॅसेट उरली होती. चंद्रपूरच्या एका दुकानात काकाजींनी तिची सीडी करून घेतली आणि नंतर कॅसेटची फीत गुंतून तुटली. म्हणजे थोरल्यांचा आवाज आता जगात त्या एका चकतीवर. दरवर्षी दिवाळीनंतर थोरल्यांची बायको सिंदेवाहीकडच्या गावाहून ते गाणं ऐकायला यायची. वहिनी यायच्या म्हणून काकाजी आठ दिवस आधीपासून प्लेअर पुसत बसायचे.

त्या वर्षी पुसण्यावर भागलं नाही. झाकणाचं बटण जरा कुरकुरतं असं त्यांना वाटलं, आणि हॉलेजवाला माणूस कुरकुरणाऱ्या वस्तूला जे करतो ते त्यांनी केलं: चांगलं बोटभर ग्रीस भरलं. त्यावर घुग्घुसची धूळ बसली, दोन्ही मिळून काचा बसवायची लांबी झाली आणि झाकण घट्ट बसलं. आत थोरल्यांची चकती. बटण दाबलं की गाणं वाजे, पण झाकण काही उघडेना. चंद्रपूरचा कारागीर म्हणाला, ‘तोडना पडेगा काकाजी, सीडी की गॅरंटी नहीं.’ काकाजींनी प्लेअर खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळला आणि तसेच परत आले. ज्या माणसानं अख्ख्या घुग्घुसला चकती काढायला शिकवलं, त्याच्या घरात चकती अडकली! मी हसणार होतो, पण त्यांचं तोंड पाहून हसू आलं नाही. ते धड जेवेनात. काकूंनी वरणात तूप जास्त घातलं, घंटा हळू वाजवली, काही उपयोग झाला नाही.

वहिनी आल्या. लाखोरीच्या डाळीचं गाठोडं खाली ठेवायच्या आत काकाजी अपराध्यासारखे पुढे झाले. ‘वहिनी, भाऊ आत अडकला. माह्याच हातानं.’

‘वाजते का?’ वहिनींनी विचारलं.

‘वाजते त. पण निंगत नाई.’

‘मंग लावा न.’

काकाजींनी गाणं लावलं. जुन्या फितीची खरखर, मागे पेटी आणि त्यातून थोरल्यांचा चढा, मोकळा आवाज. वहिनी पदर सावरून भिंतीला टेकून ऐकत होत्या. गाणं संपलं तसा काकाजींचा अंगठा सवयीनं झाकणाकडे गेला. ‘राहू द्या न भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या. ‘काऊन काढून राह्यले? जलमभर घरातून निंगाचीच घाई होती त्याईले. आता बसू द्या एका जागी.’

काकू डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी वहिनी निघाल्या तेव्हा काकाजींनी कुणाला न विचारता प्लेअर, स्पीकर, वायर सगळं एका पिशवीत भरलं आणि मला म्हणाले, ‘साहेब, चला बसस्टँडपर्यंत.’

गाडीत खिडकीजवळ वहिनींना बसवून त्यांनी पिशवी मांडीवर दिली. ‘हे दाबलं का वाजते. हे दाबलं का थांबते.’ वहिनींनी दोन्ही बटणं दाबून दाखवली. मी वाट पाहत होतो. आता पंखा येईल, घंटी येईल, अंगठा आणि दोन बोटं येतील. काहीच आलं नाही. ‘बस, एवढंच,’ काकाजी म्हणाले आणि खाली उतरले.

गाडी गेली. कोळशाचे दोन ट्रक धूळ उडवत गेले. काकाजी जागचे हलेनात. मी म्हटलं, ‘काकाजी, नवीन प्लेअर घेऊ आपण, मी आणतो नागपूरहून.’ त्यांनी नको म्हणून मान हलवली. खरंच, माझी बदली होईपर्यंत त्या घरात दुसरा प्लेअर आला नाही. मला त्या ‘घंटी!’ची आठवण येई. इतकी येईल असं वाटलं नव्हतं.

‘भाऊ गेला तवा मी खाली होतो साहेब, खाणीत,’ ते तिथेच स्टँडवर रस्त्याकडे पाहत म्हणाले. ‘निरोप पोचून, वर येऊन, गावाले जाईपर्यंत लोकाईनं त्याले नेलं होतं. मले त्याले हात नाई लावता आला.’ मग त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. ‘आज माह्या हातानं त्याले गाडीत बसवून देल्लं.’