उतारावर सोडलेली गाडी

काकू गाडीतून उतरल्या, दार हलक्या हाताने लावलं आणि म्हणाल्या, "छान झाली आहे हं. आता देऊन टाका."

"देऊन टाका म्हणजे?" उदय सरांनी विचारलं. उदय सर म्हणजे त्यांचा मुलगा.

"तो रिसॉर्टवाला मागतोय ना. त्याला."

आणि भिसेगावातल्या आपल्या घराच्या पायऱ्या चढून त्या आत गेल्या. मी ड्रायव्हरच्या सीटवर तशीच बसून राहिले. पाच महिन्यांचं काम होतं ते, आणि 'छान' हा शब्द इतका वाईट मी आधी कधी ऐकला नव्हता.

आमचं वर्कशॉप खालापूरच्या फाट्याजवळ आहे. जुन्या पेट्रोल गाड्यांचं इंजिन काढून आम्ही त्या जागी मोटर आणि बॅटरी बसवतो. याला रेट्रोफिटिंग म्हणतात. बाहेरून गाडी तीच दिसते. आरटीओच्या कागदावर इंधनाच्या रकान्यात पेट्रोल जाऊन इलेक्ट्रिक येतं. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे. मूळची कडावची, भातशेती करणाऱ्या घरातली. आमच्याकडे कॉलेजची डिग्री आणणारी पहिली मीच. हे मला कोणी विचारत नाही, तरी मी सांगते.

गाडी होती क्रीम रंगाची अँबॅसडर. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढे एकसलग सीट. काकूंचे मिस्टर रेल्वेत होते, कर्जतला बँकरवर ड्रायव्हर. बँकर म्हणजे घाट चढताना गाडीला मागून ढकलायला जोडतात ते इंजिन. नोकरीत असतानाच त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली आणि शेवटपर्यंत दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. ते गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली गेली. ती आमच्याकडे आली तेव्हा इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेलेला होता.

आमच्याकडे गाडीचं नट-बोल्टचं काम नामदेवमामा बघतात. त्यांचा हात पेट्रोल इंजिनात आणि जीवही तिथेच.

"ब्लॉक दुसरा टाकू की," मामा म्हणाले. "कशेळ्याला एकाकडं पडून हाय."

"मामा, पेट्रोलचे दिवस संपले," उदय सर म्हणाले.

"संपले तर पंपावर रांग कशाची लागते ओ?"

"अहो, आमच्या अप्पांची इंजिनं विजेवरच घाट चढायची ना? मग मोटारीनं काय पाप केलंय?"

"रेल्वेला वर तार हाय. तुमची तार कुठाय? आणि ती वीज तरी कशाची? कोळशाचीच ना. धूर हितं नाय तर तितं."

"पाण्याचीही असते," मी म्हटलं.

"तुजा बाप काय म्हणतो पाण्याच्या विजेला, ते सांग की सायबांना, इंजिनेर बाय."

मामांनी मला पकडलं होतं. आमच्या कडाव भागात उन्हाळी भाताला पेज नदीचं पाणी मिळतं. भिवपुरीच्या वीजघरातून वीज करून सुटलेलं पाणी नदीला येतं. माझ्या वडिलांचं ठाम मत आहे की त्या पाण्यात दम नाही. वीज काढून घेतली, मग पाण्यात राहिलं काय? मी फर्स्ट इयरपासून त्यांना समजावते आहे. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "आसंल बाय. तू शिकल्यालीस."

तर निर्णय झाला इलेक्ट्रिकचा. उदय सरांनी एक गोष्ट मला सुरुवातीलाच स्पष्ट सांगितली. "मॅडम, आईला मी पुण्याला नेतोय. इथलं घर बंद होणार. गाडी आईला आवडली तर ती आमच्याबरोबर येईल. नाही तर एक रिसॉर्टवाला मागे लागलाय. तो गेटवर कुंड्यांच्या मध्ये उभी करणार आहे."

कुंड्यांच्या मध्ये. हे ऐकून मामासुद्धा कामाला लागले.

त्या गाडीत माझ्या दोन गोष्टी होत्या. पहिली, आवाज. इलेक्ट्रिक गाडीला आवाज नसतो. उदय सर म्हणाले, आईला इंजिनाच्या आवाजाची सवय आहे, ती आठवण राहू दे. म्हणून मी बॉनेटखाली स्पीकर बसवला. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनासारखी घरघर वाढत जायची.

दुसरी गोष्ट, रीजेन. हे जरा समजावून सांगते. सायकलचा डायनामो आठवा. तो चाकाला टेकवला की दिवा लागतो, पण पेडल जड होतं. कारण चाकाची ताकद काढून दिव्याला दिलेली असते. इलेक्ट्रिक गाडीत तसंच. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला की मोटर उलटी वागते, चाकाकडून ताकद घेते, बॅटरीत चार्ज परत भरते आणि गाडी धरून ठेवते. उतारावर तर फारच चांगली. किती धरायचं हे कंट्रोलरमध्ये आकडा टाकून ठरवतात. मी तीन आठवडे लॅपटॉप घेऊन त्या आकड्यांमागे होते. अँबॅसडरसारखी जड गाडी उतारावर ब्रेक न लावता अशी सावकाश उतरायची की मामांनी एकदा हात जोडले होते. माझ्या कामातलं ते मला सगळ्यात आवडलेलं काम होतं.

हे सगळं घेऊन मी काकूंना ट्रायलला नेलं. भिसेगावातून निघून पळसदरीच्या अलीकडचा उतार उतरून परत. आणि परत आल्यावर, "देऊन टाका."

उदय सर खिशातून फोन काढत होते. मी म्हटलं, "सर, दोन दिवस द्या."

"मॅडम, तिला आवडलीच नाही तर दोन दिवसांत काय होणार?"

"काय आवडलं नाही ते तरी कळू द्या."

वर्कशॉपमध्ये येऊन आम्ही डोकं लावलं. मामा म्हणाले, स्पीकरचा आवाज खोटा वाटतो, खऱ्या अँबॅसडरचा रेकॉर्ड करून आणू. मी तेही कबूल केलं. मग ते म्हणाले, "वास नाय गं. डिकीत पेट्रोलचं फडकं ठिवूया."

"मामा, डिकीत बॅटरी आहे."

"मग मॅटखाली."

एका क्षणी आम्ही सीटच्या स्प्रिंगांवर चर्चा करत होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाच महिन्यांत आम्ही मुलाला विचारलं, आरटीओला विचारलं, कशेळ्याच्या भंगारवाल्यालासुद्धा विचारलं. जिच्यासाठी गाडी करतो आहोत तिला एक प्रश्न विचारलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिसेगावला एकटीच गेले. काकू स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पितळेचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या.

"काकू, खरं सांगा. काय खटकलं?"

"काही नाही गं. छान केली आहेस. एक डाग ठेवला नाहीस."

"छान असलेली गाडी कोणी देऊन टाकत नाही."

त्या हसल्या. एक डबा माझ्याकडे सरकवला, गुंडाळायला. "तो आवाज कशाला लावलास?"

"उदय सर म्हणाले, तुम्हाला आठवण येईल."

"इंजिनाच्या आवाजाची? अगं, त्या आवाजात काही ऐकू यायचं नाही." मग पुढचा डबा हातात घेत म्हणाल्या, "यांची सुट्टी कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी. त्या दिवशी आम्ही खोपोलीला नणंदेकडे जायचो. पळसदरीच्या अलीकडे उतार आहे ना, तिथे हे इंजिन बंद करायचे."

"पेट्रोल वाचवायला?"

"लोकांना तसंच सांगायचे. उतार फुकटचा आहे म्हणायचे. पण घरात आम्ही नऊ माणसं, खोल्या दोन. हे ड्युटीवरून आले की झोपायचे, उठले की जेवून पुन्हा ड्युटी. बोलायचं कधी? त्या उतारावर. इंजिन बंद झालं की नुसता चाकांचा आणि वाऱ्याचा आवाज. मी आठवडाभर मनात लावून ठेवायची, आधी काय सांगायचं, मग काय. उदयच्या वेळी दिवस गेलेत हे मी यांना तिथे सांगितलं. खाली पोचलो की विचारायचे, झालं? मी झालं म्हटलं की गिअर टाकायचे आणि गाडी हिसका खाऊन सुरू व्हायची."

"आणि झालं नसलं तर?"

"तर गाडी आपोआप थांबेपर्यंत थांबायचे."

मी डबा गुंडाळत राहिले.

"काल तू उतारावर पाय काढलास," काकू म्हणाल्या, "मी बोलायला म्हणून तोंड उघडलं, आणि गाडीनं धरलं. यांनी जन्मभर घाटात गाड्या धरल्या गं. घाट उतरताना सगळं काम धरण्याचंच. सुट्टीच्या दिवशी तेवढं सोडायचे. तुझी गाडी छान आहे, पण ती ड्युटीवर आहे."

नंतर हळूच म्हणाल्या, "पुण्याला जाण्याआधी एकदा उतरून जायचं होतं. राहिलं."

तिथून मी वर्कशॉपला न जाता कडावला घरी गेले. वडील बांधावर बसून शेतात पाणी सोडत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आधी रीजेन म्हणजे काय ते सांगितलं, मग काकूंचं. त्यांनी फावड्याने पाण्याची वाट थोडी रुंद केली.

"म्हंजे उतारातली वीज तू काढून घेतलीस," ते म्हणाले.

"हो."

"मग उतारात काय राह्यलं?"

पदवी माझी आहे, पण हा मुद्दा त्यांचा होता. मी तो मान्य केला. पाण्याच्या बाबतीत अजूनही नाही.

वर्कशॉपला आल्यावर आधी स्पीकर काढला. मग लॅपटॉप जोडला. तीन आठवड्यांचे आकडे समोर होते. ते सेव्ह करून ठेवावेत असं फार वाटलं, आणि ठेवलेही. पण गाडीत शून्य टाकलं.

इथे एक सांगायला हवं. इंजिन बंद करून उतारावर गाडी सोडणं धोक्याचं आहे. त्या काळी पुष्कळ जण करायचे. आज कोणी करू नये. आमच्या गाडीत मोटर जागी असते, फक्त धरत नाही. तरीही मामांनी चारही चाकांचे ब्रेक उघडून नवीन लायनर टाकले आणि मी वाळूच्या गोण्या घालून तो उतार सहा वेळा एकटीने उतरले. सहाव्या वेळी मला बरं वाटायला लागलं होतं.

उदय सरांना मी हे सगळं फोनवर सांगितलं.

"आईनं मला हे कधी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं होतं का?"

"नाही."

"मीही नव्हतं, सर."

ट्रायलच्या दिवशी काकू इस्त्रीचं पातळ नेसून तयार होत्या. उदय सर मागचं दार उघडून बसायला लागले, तर त्या म्हणाल्या, "तू घरी थांब."

"अगं, पण कुठे थांबायचं ते मॅडमना..."

"तिला ठाऊक आहे."

आम्ही निघालो. पुढच्या सलग सीटवर मी आणि त्या. उतार सुरू झाला तसा मी पाय काढला. गाडीने धरलं नाही. ती निघाली. काचा खाली होत्या, चाकांचा आवाज आत यायला लागला. लांब घाटाच्या बाजूला एक मालगाडी चढत होती. काकूंनी एकदा तिकडे बघितलं, मग सरळ समोर. आणि त्या बोलायला लागल्या.

मला ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या, म्हणून ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की लावून ठेवलेलं होतं. आधी काय, मग काय.

उतार संपला. रस्ता सपाट झाला. तीस, वीस, पंधरा. काकू बोलतच होत्या. मागून एका टेंपोने हॉर्न वाजवला. माझा उजवा पाय अॅक्सिलरेटरवर जाऊ बघत होता, इंजिनिअरचा पाय आहे, थांबलेली गाडी त्याला बघवत नाही. मी सिग्नल देऊन गाडी डावीकडे कच्च्यावर घेतली आणि पाय खाली टेकवून ठेवला. टेंपो निघून गेला. गाडी आपोआप थांबली. काकूंचं अजून थोडं राहिलं होतं. ते पुरं झालं. मग त्या पदराने चष्मा पुसत बसल्या. मी रस्त्याकडे बघत राहिले.

"झालं," त्या म्हणाल्या.

मी अॅक्सिलरेटर दाबला.

गाडी पुण्याला गेली. रिसॉर्टवाल्याच्या गेटवर आता बैलगाडी आहे. उदय सरांचा मधूनमधून फोन येतो, की मॅडम, तुम्ही सांगितलेल्यापेक्षा गाडी कमी अंतर जाते. मी सांगते, जाणारच. ते विचारतात, रीजेन पुन्हा चालू करून घेऊ का? मग स्वतःच म्हणतात, राहू द्या.

आमच्या वर्कशॉपच्या फॉर्मवर मी त्यानंतर एक प्रश्न वाढवला आहे. गाडी बंद असताना तुम्ही तिच्यात काय करायचात? बहुतेक लोक तो रकाना कोरा सोडतात. मी तोंडी विचारते.

त्या अँबॅसडरची सर्व्हिस शीट अजून फाइलला आहे. सेटिंग बदललं की तिथे कारण लिहावं लागतं. मी लिहिलं आहे: रीजेन शून्य. कारण, ग्राहकाला उतार हवा आहे.