कोयत्यावरचं तांबं

सांडोरच्या पुतळाबाईंच्या पानवेलींना कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसे. पोटच्या पोराला खुशाल नावं ठेवा, वेलींना नाही!

पावसाळ्यात पानं कुजू नयेत म्हणून मोरचूद-चुन्याची फवारणी लागते, आणि ते पाणी बाईंच्याच हातचं. निळा मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, एका प्लास्टिकच्या पिंपात, चुना दुसऱ्यात, मग दोन्ही एकत्र. पत्र्याचा डबा जवळ आणायचा नाही, मोरचूद पत्रा खातो. शेवटी राखेनं घासलेला कोयता त्यात बुडवायचा. चुना कमी पडला असेल तर लोखंडावर तांब्याचा लाल थर चढतो. तसंच पाणी फवारलं की पानं जळालीच म्हणून समजा.

गेल्या खेपेला एक अख्खी ओळ जळाली. चुनाच भेसळीचा, म्हणून बाईंनी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. मोतीबिंदू पिकला होता, पात्यावरचं लाल-काळं उमगत नव्हतं. पण सांगायची चोरी! डोळे गेले म्हटलं की मुलगा, अल्पेश, वाडीच बंद करणार. मग बाईंनी काय टीव्हीपुढे बसून जांभया द्यायच्या?

आजही त्यांनी कोयता बुडवला, ऐटीत डोळ्यांसमोर धरला आणि गड्याला म्हणाल्या, "झकास! धर्मा, भर पंप."

शेजारी सून उभी होती, उन्नती. माणिकपूरच्या फ्लॅटात वाढलेली, चिखलात चप्पल रुतली की किंचाळणारी. पण गेली दोन वर्षं सासूच्या मागे मागे वाडीत फिरणारी. तिनं पात्याकडे पाहिलं. चांगलं लालभडक होतं.

"धर्माभाऊ, आधी चहा घेऊन या," ती म्हणाली. तो दूर गेल्यावर तिनं हळूच विचारलं, "आई, अजून थोडा चुना घालू या?"

पुतळाबाई चपापल्या. पोरीनं गड्यासमोर त्यांची अब्रू राखली होती. आधी त्यांना राग आला, आणि मग माया दाटून आली.

"लाल हाय?"

"आहे, आई."

"मला दिसत नाय गो," त्या म्हणाल्या. "अल्पेशला सांगशील?"

"सांगणार. आईंचं ऑपरेशन करायचंय म्हणून सांगणार. तोवर कोयता मी बघते, वाडी तुम्ही बघा."

बाईंनी पदरानं डोळे पुसले.

"मग माझ्या तोंडाकडं काय बघतेस? चुना वत!"