कस्तुरानं दुसरीला दिलेल्या गोळ्या

"काय चारलंस माझ्या बायकोला?"

"मी खाते तेच, मीरासाहेबभाऊ! जास्त न्हाई, कमी न्हाई."

"मग तू धडधाकट उभी, आन् ती नळावर भोवळ येऊन पडली. कपाळाला सात टाके! आसं कसं?"

कस्तुरानं गोळ्यांची पट्टी त्याच्यापुढं धरली.

नवरा गेल्यावर कासारवाडीच्या चाळीत ती स्वतः वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. कामगारांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी उदासीवरच्या गोळ्या दिल्या, दिवसाला तीन. दोन महिन्यांत ती पुन्हा कंपनीत नट-बोल्ट निवडू लागली. शेजारची कमरुन्निसा मात्र, मूल पोटातच गेल्यापासून, चुलीपुढं नुसती बसून राही. मीरासाहेबचं स्वतःचं गॅरेज, त्यामुळं कंपनीतल्या कामगारांना मिळतं ते दवाखान्याचं कार्ड नाही. तेव्हा आपल्या कार्डावरच्या गोळ्या कस्तुरानं तिला द्यायला सुरुवात केली. तीनच्या तीन. माया अर्धी कशाला करायची?

"अक्का, तोंड कोरडं पडतं. छातीत धडधडतं."

"मलाही झालं होतं गं. सोस चार दिवस."

आठव्या दिवशी ती पडली.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी कस्तुरानं डॉक्टरांपुढं सगळं कबूल केलं. ते आधी ओरडले, मग खुर्चीत मागं टेकले. "ही मापं गोऱ्या लोकांवर ठरवलेली, बाई. आपल्याकडं पुष्कळांना निम्म्यात भागतं. त्यातही कुणाचं शरीर गोळी संध्याकाळपर्यंत जिरवतं, कुणाच्या अंगात ती साठत जाते. ते जन्मानंच येतं."

"म्हंजे ती मुसलमान म्हणून?"

"छे! तुझ्या सख्ख्या बहिणीचंही असंच झालं असतं. तोंड बघून कळत नाही. थोड्यापासून सुरू करून बघत जावं लागतं. घेऊन ये तिला शनिवारी. कार्डाचं मी बघतो."

कस्तुरानं हे सांगितलं तेव्हा मीरासाहेबनं हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, "मी न्हाई अडवत. तिलाच इचार."

कस्तुरानं कमरुन्निसाला घरी बोलावलं, चहा पुढं केला.

"अक्का, तुमचं दुःख गेलं," कमरुन्निसा म्हणाली. "माझं का न्हाई गेलं? माझं मोठं होतं का?"

"न्हाई गं. माप चुकलं. माझंच चुकलं."

कमरुन्निसा कपातल्या सायीकडे बघत राहिली.

"शनिवारी येशील? आता पाव गोळीच देणारेत. मी काही बोलणार न्हाई, नुसती बाजूला बसेन. येशील ना, कमरू?"

कमरुन्निसानं कप खाली ठेवला, पदर टाक्यांवर ओढला आणि निघून गेली.