फक्त बघायची मुभा
कॉम्प्युटरमधल्या तापलेल्या धुळीचा वास आला की खर्डीचं माहेर आठवतं. तिथे भाताच्या कणगीशेजारच्या मोठ्या कॉम्प्युटरवर घरातले सगळे फोटो एका फोल्डरमध्ये असायचे, आणि वायर जोडलेली असल्याने माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरही ते दिसायचे. मी माझ्या मर्जीने लग्न ठरवलं, तेव्हा दादाने तो फोल्डर मला बंद केला. "आता फोटो नाय, न घर पण नाय," म्हणाला. वर्षभराने त्याने विंडोज नव्याने टाकलं आणि फोल्डर त्यालाच उघडेना. मुरबाडला, माझ्या सासरी, मला फोन आला, "ये गो जरा, बघ." मी गेले, फोल्डरचा मालक म्हणून माझं नाव घातलं आणि दादाला फक्त बघायची मुभा दिली. मग नवा फोटो टाकायचा झाला की त्याला मला घरी बोलवावं लागायचं. फोन उचलण्याआधी मी पाच रिंगा वाजू द्यायचे. आजही देते.