रेशमाला चालणारी बोटं

कारखान्यात तिला सगळे लोणी म्हणत. रेशमाच्या टेबलावर हातशिलाई करायची तर बोटं मऊ लागतात, आणि तिची होती. पण पानगळ सुरू झाली की हवा कोरडी पडे, बोटांच्या टोकांना कुसळं फुटत आणि रेशमाचा धागा त्यांत अडकून ओढला जाई. म्हणून या दिवसांत मास्तर कामाआधी प्रत्येकीच्या बोटांवरून रेशमाची चिंधी फिरवायचे. चिंधी चरचरली की बाई बटणांच्या टेबलावर. तिथून परत आलेली बाई कुणी पाहिली नव्हती.

यंदा तिच्या बोटांवर चिंधी चरचरली.

"लोणी, तूसुद्धा?" मास्तर म्हणाले. "आज सोडतो. उद्या नाही."

घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता ती दुधाच्या पातेल्याकडे गेली. सायीत मध कालवून बोटांना चोळत बसली. बसली म्हणजे काय, घरभर फिरत चोळत राहिली.

"साय हातांना, आणि चहाला नुसतं पांढरं पाणी," सासूबाई म्हणाल्या.

तिने हातांत सुती पायमोजे चढवले तेव्हा नवरा म्हणाला, "आणि पायांत काय, हातमोजे?"

तिला हसू आलं नाही. शेवटी सासूबाईंनीच तिला खाली बसवलं, तिचे हात कोमट पाण्यात बुडवले आणि ओलसर असतानाच बदामाचं तेल जिरवलं. "तेल ओल्या हातालाच लावावं. आणि साबणाला जरा रजा दे गं. सारखी काय धुतेस?"

"रेशमाला तेलाचा डाग पडला तर?"

"अगं, जिरलेलं तेल कशाला डाग पाडतंय?"

तेलाचं तिने ऐकलं, साबणाचं नाही. सकाळी कारखान्याच्या नळावर तिने हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले. तेल आहे की नुसता वास, कळेना. पुन्हा साबण. जिरवलेलं सगळं मोरीतून वाहून गेलं आणि बोटं कालच्यापेक्षा खरखरीत झाली. दारात मास्तरांचा आवाज आला. टाचा घासायची वज्री तिने पिशवीत टाकून आणली होती. तिने तीच बोटांवर चालवली, कुसळं जाईपर्यंत, मग त्याखालचंही थोडं.

चिंधी आवाज न करता सरकली.

"वा, लोणी!" मास्तर म्हणाले आणि राखी रेशमाचा गळपट्टा तिच्यापुढे ठेवला.

पण सोललेल्या बोटाला सुई कुठवर आली ते कळेना. चौथ्या-पाचव्या टाक्याला ती आत घुसली. काठावर टाचणीच्या डोक्याएवढं रक्त उमटलं. शेजारीण मान वर न करता पुटपुटली, "थुंकी लाव. आपलं रक्त आपल्याच थुंकीने जातं."

तिचं तोंड कोरडं पडलं होतं. गाल आत ओढून तिने कशीबशी ओल जमवली, डाग ओला केला, फडक्याने टिपला, पुन्हा ओला केला. लाल, मग गुलाबी, मग काही नाही. मग मधूनमधून बोट चोखत उरलेला काठ तिने पुरा केला.

मास्तरांनी गळपट्टा उजेडात धरला, उलटा केला, काठावरून नखही फिरवलं. तिने टोचलेलं बोट पुन्हा तोंडात धरलं.

"याला म्हणतात हात," ते म्हणाले. "आता हे घे. दुसऱ्या कुणाला देववत नाही."

पांढरंशुभ्र रेशीम होतं. तोंडातल्या बोटाचं रक्त अजून थांबलं नव्हतं. तिने दुसरा हात पुढे केला.