सात नंबरची विहीर

आष्टीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात तळ्याचं काम अर्धवट पडलं होतं. सांडवा बांधून झालेला, दगडांचे ढीग आणून टाकलेले, आणि मध्येच केंद्राच्या पर्यावरण मंजुरीची मुदत संपत आलेली. मुदतवाढ मिळाली तर दोन वर्षांत पाणी अडेल. नाही मिळाली तर कागद पहिल्यापासून, म्हणजे अजून एक पिढी उसाच्या फडात. दिल्लीच्या समितीनं एकच गोष्ट धरली होती: खालच्या विहिरींचं पाणी दर महिन्याला मोजायची अट होती, त्याचं काय झालं? ठेका घेतलेल्या एजन्सीनं सगळी वर्षं एकच आकडा लिहिला होता. मे महिन्यातसुद्धा अठरा फूट पाणी! आष्टी तालुक्यात!

शाखा अभियंता परमेश्वर सात नंबरची विहीर हुडकत आला तेव्हा कठड्यावरचा निळा आकडा पार पुसट झाला होता. शेजारी बायनाबाई गोवऱ्या थापत बसलेली. वय सत्तरीच्या पुढं. पोरगा हनुमान आणि सून वनमाला दिवाळी करून ऊसतोडीला गेलेले. मागं घर, म्हैस आणि नातवंडं हिच्या गळ्यात.

“मावशी, हिचं पाणी कधी कुणी मोजलंय का?” परमेश्वरनं आपलं उगीच विचारलं.

“मी मोजते की. दर आवसंला.”

“तुम्ही? कावून?”

“आता! तुमच्याच सायबानं सांगितलतं. नंबर टाकला अन् म्हनला, बाई, म्हैन्याच्या म्हैन्याला मोजून ठिवा, तळ्याच्या कामी येईल. पुन्यांदा फिरकला न्हाई मुडदा. तुमी आलाव, बारा वर्सांनी. च्या घेता?”

चहा राहिला बाजूला. बायनाबाईनं त्याला घरात नेलं आणि वर बोट केलं. आढ्याला सुतळीच्या जुड्या टांगलेल्या. एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंत एक जुडी. एका अवसेची एक सुतळी, आणि पाण्यापर्यंत दोर जितके हात खाली गेला तितक्या तिला गाठी. विहीर कोरडी पडली की सुतळीला चुलीतलं काजळ. तिसऱ्या जुडीतल्या शेवटच्या सुतळ्या काळ्याकुट्ट होत्या. तो दुष्काळ परमेश्वरला आठवला.

तो मोजायला बसला. पहिल्या दोन जुड्यांत बारा-बारा. तिसरीत तेरा. पुन्हा मोजल्या, तेराच. पुढं सहावीत तेरा, आठवीत तेरा, अकरावीत तेरा. एवढी एक चूक सापडली तरी समिती सगळंच फेकून देणार.

“मावशी, वर्षाला महिने बारा. ह्या चार जुड्यांत तेरा कशा? चुकलंय तुमचं.”

बायनाबाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “लगीन झालंय न्हवं तुमचं?”

“झालंय की. नेकनूरची सासुरवाडी.”

“मंग सासूनं कधी धोंड्याला बोलावलं न्हाई? का नुसतेच अनारसे हानले अन् म्हैना इसरलाव?”

परमेश्वरनं फोन काढून अधिक महिने बघितले. पंधरा साल, अठरा, वीस, तेवीस. चारही आपापल्या जुडीत बसले होते. तेवीसचे अनारसे तर त्यानं स्वतः खाल्ले होते. तो भिंतीला टेकून नुसता वर बघत राहिला. त्या घोळ झालेल्या फायलीत जे नव्हतं ते सगळं इथं, धुरानं पिवळं पडून लोंबत होतं. अक्षर न शिकलेल्या बाईनं एक महिना गाळला नव्हता आणि एक वाढवला नव्हता.

“हात द्या,” तो हळूच म्हणाला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत त्यानं टेप धरली. त्रेचाळीस सेंटिमीटर.

“गुदगुल्या व्हत्यात, सायेब.”

विहिरीवर तिनं दोर सोडला. “अकरा हात.” त्यानं टेप सोडली. चार मीटर पंच्याहत्तर. दोन सेंटिमीटरचा फरक. परमेश्वरनं गुणाकार तीनदा केला.

समितीपुढं गेलेल्या तक्त्याखाली त्यानं एक ओळ लिहिली: एक हात म्हणजे त्रेचाळीस सेंटिमीटर, मोजणार बायनाबाई. सोबत जुड्यांचे फोटो. समितीतल्या एकानं तेराव्या महिन्याचंच विचारलं, आणि उत्तर ऐकून स्वतःच अधिक महिने ताडून बघितले म्हणतात.

मुदतवाढीचं पत्र घेऊन परमेश्वर आला तो दिवस नेमका अवसेचा. बायनाबाई विहिरीवर वाकलेली.

“मिळाली, मावशी! तळं होतंय!”

“हनुमानाला फोन लावा.” तिनं मान वर केली नाही. “म्हनावं, दोनच सीझन राह्यले आता. अन् जरा सरका तिकडं. हात मोजायलेय मी.”